ख्रिस्तजन्माचा देशी चित्रकार : आंजेलो द फोन्सेका

नाताळ जवळ आला कीं आपल्या घरोघरीं मुलांचे हात कामास लागतात. कोणी कामट्या तासून तारा बांधतो, कोणी माती मळून मेंढरें करतो, तर कोणी चित्रकलेच्या वहींत बेथलेहेमचा गोठा रेखाटतो. वडील माणसें कौतुकानें पाहतात व आपापल्या उद्योगास जातात. परंतु त्या वहीपाशीं क्षणभर थांबलें, तर एक गोष्ट ध्यानांत आल्यावांचून राहत नाहीं. ज्या मुलानें जन्मांत बर्फ पाहिला नाहीं, तें गोठ्याच्या छपरावर बर्फ काढतें. ज्याच्या घराभोंवतीं तूर व पऱ्हाटी उभी, तें दारापुढें परदेशचें सूचिपर्णी झाड काढतें. आणि ज्याची आई सांवळी, तें पवित्र मरियामातेचा चेहरा पांढरा ठेवून भोंवतीं पिवळे केस रंगवितें. यांत मुलाचा दोष काडीइतकाहि नाहीं. त्याच्यापुढें जें छापील चित्र ठेविलें, तें त्यानें इमानानें उतरविलें.

नेरच्या आसपास तर हा प्रकार अधिकच मनास लागतो. यवतमाळ जिल्हा हा कापसाचा मुलूख. कापूस म्हणजे इकडच्या शेतकऱ्याचा घाम, त्याचें कर्ज व त्याची आशा. तोच कापूस नाताळांत मुलें गोठ्यावर पसरतात. पण कापूस म्हणून नव्हे, बर्फ म्हणून. घरचें खरें पीक परक्या देशाच्या थंडीचें सोंग घेऊन बाळ येशूपुढें उभें राहतें. गोष्ट लहान दिसते. परंतु तिच्यामागें एक मोठा प्रश्न आहे. प्रभु आपल्या घरीं जन्मास आला, कीं दुसऱ्या कोणाच्या घरीं? आपण त्याच्या गोठ्यापाशीं घरचीं माणसें म्हणून बसतों, कीं दुरून पाहणारे पाहुणे म्हणून उभे राहतों?

हाच प्रश्न गोव्याच्या एका कॅथलिक चित्रकारानें इ. स. १९३० नंतरच्या काळांत हातीं घेतला, आणि त्याच्या उत्तरापायीं आपल्या जन्मभूमीचा निरोप घेतला. त्यांचें नांव आंजेलो द फोन्सेका. आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाच्या या स्मरणिकेंत त्यांचें चरित्र देण्याचा हेतु इतकाच कीं, आपल्या मुलांच्या हातांत रंग व माती देतांना आपणांस या पुरुषाची आठवण राहावी.

गोव्याच्या तिसवाडी तालुक्यांत, मांडवी नदीच्या पाण्यानें वेढलेलें, जुवें नांवाचें बेट आहे. पोर्तुगीज राज्यांत त्यास सांतु इस्तेव्हांव, म्हणजे संत स्तेफनाचें गांव, असें नांव पडलें. या गांवीं इ. स. १९०२ मध्यें एका सुखवस्तु कॅथलिक कुटुंबांत आंजेलो यांचा जन्म झाला. त्या काळीं गोव्यावर पोर्तुगिजांचा अंमल होऊन जवळजवळ चारशें वर्षें लोटलीं होतीं. गांवोगांवचीं शुभ्र ख्रिस्तमंदिरें, त्यांतील सोनेरी वेद्या व संतांच्या मूर्ति हें सर्व त्या लहान मुलाच्या दृष्टीसमोर होतें. या मूर्तींपैकीं पुष्कळ गोव्याच्याच कारागिरांनीं घडविलेल्या असत. हात आपले, लांकूड व हस्तिदंत इकडचें. परंतु चेहरा, वस्त्र व उभें राहण्याची ढब बहुधा युरोपांतील नमुन्यावरून घेतलेली असे. पिढ्यान्पिढ्या असें चालत आल्यामुळें भाविकांस वाटूं लागलें कीं, मरियामातेचें खरें रूप तेंच, आणि त्याहून निराळें रूप म्हणजे तिचा अवमान.

वास्तविक गोव्याच्याच भूमींत याच्या उलट असा एक थोर दाखला होता. इ. स. १५७९ मध्यें गोव्यास आलेले येशूसंघीय धर्मगुरु थॉमस स्टीफन्स हे जातीचे इंग्रज; पण त्यांनीं मराठी भाषेचा अभ्यास करून ख्रिस्तचरित्र ओवीबद्ध केलें, आणि तें ख्रिस्तपुराण इ. स. १६१६ मध्यें छापून प्रसिद्ध झालें. परदेशांतून आलेल्या एका साधुपुरुषास असें वाटलें कीं, इकडच्या लोकांस प्रभूची कथा इकडच्याच बोलींत व इकडच्याच छंदांत ऐकविली पाहिजे. स्टीफन्स यांनीं शब्दांत जें केलें, तेंच तीनशें वर्षांनंतर रंगांत करण्याचें काम फोन्सेका यांच्या वांट्यास आलें. भेद एवढाच कीं, स्टीफन्स परके असून आपले झाले. फोन्सेका आपले असून आपल्यांतच परके ठरले.

तरुणपणीं फोन्सेका मुंबईस येऊन वैद्यकीचा अभ्यास करूं लागले. डॉक्टरकी हा मानाचा व पैशाचा मार्ग. परंतु त्यांचें मन तेथें रमलें नाहीं. तो अभ्यास सोडून त्यांनीं मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत प्रवेश केला. इ. स. १८५७ मध्यें स्थापन झालेली ही शाळा त्या वेळीं हिंदुस्थानांतील नामांकित कलाशाळांपैकीं एक होती. परंतु तिची शिस्त मुख्यतः इंग्रजी धाटणीची होती, आणि फोन्सेका यांस ज्या वाटेचा शोध होता ती त्यांना तेथें सांपडेना. म्हणून तीहि शाळा सोडून ते दूर बंगालकडे, शांतिनिकेतनाकडे वळले. एकदां वैद्यकी सोडली, पुन्हां कलाशाळा सोडली. कोणत्याहि आईबापांस काळजी वाटावी अशीच ही वागणूक. पण हें चंचल मनाचें भटकणें नव्हतें. जें हवें तें मिळेपर्यंत न थांबण्याचा तो निश्चय होता, हें पुढील आयुष्यानें दाखवून दिलें.

शांतिनिकेतन हें रवींद्रनाथ ठाकूर यांनीं उभारलेलें विद्यापीठ. तेथें मुलें झाडांखालीं बसून शिकत, आणि कलाभवनाची धुरा नंदलाल बोस यांच्याकडे होती. नंदलाल बाबू विद्यार्थ्यांस गांवकुसाबाहेर नेऊन झाड, बैल, झोंपडी, पाणी भरणाऱ्या बाया हें सर्व डोळे उघडून पाहावयास शिकवीत. देशांतील माती व दगड यांपासून रंग करण्याचाहि त्यांस नाद होता. अवनींद्रनाथ ठाकूर हे नव्या बंगाली चित्रपद्धतीचे जनक. जपानी चित्रकारांच्या सहवासांतून त्यांनीं पाण्याच्या रंगांची एक मृदु रीति सिद्ध केली होती. या दोघां गुरूंच्या हाताखालीं फोन्सेका तयार झाले. येथें आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. रवींद्रनाथांनीं इ. स. १९१० पासून शांतिनिकेतनाच्या मंदिरांत २५ डिसेंबरला ख्रिस्तोत्सव सुरू केला होता. बहुसंख्य हिंदु अशा त्या आश्रमांत ख्रिस्ताचा जन्मदिवस आपल्या देशाच्या साधेपणानें पाळला जात असे. विलायती थाटावांचून नाताळ होऊं शकतो, याचा पुरावा तेथें दर वर्षीं डोळ्यांसमोर होता.

शिक्षण पुरें झाल्यावर अवनींद्रनाथांनीं आपल्या या ख्रिस्ती शिष्यास असा उपदेश केला कीं, त्यानें आपल्या गोव्यास परत जावें व तेथील ख्रिस्तमंदिरें आपल्या कलेनें रंगवावीं. गुरूची ही आज्ञा शिरसावंद्य मानून इ. स. १९३१ च्या सुमारास फोन्सेका गोव्यास परतले. त्यांनीं मरियामाता काढली ती साडी नेसलेली, सांवळ्या वर्णाची, अनवाणी पायांची. ज्या स्त्रिया त्यांनीं लहानपणापासून घरांत, विहिरीवर व शेतांत पाहिल्या होत्या, त्यांच्याच मर्यादेनें व त्यांच्याच मायेनें ती आपल्या बाळाकडे पाहत होती.

गोव्यांतील प्रतिष्ठित ख्रिस्ती समाजास हें मानवलें नाहीं. आपल्या घरांतील मोलकरणीसारखी दिसणारी स्त्री देवमाता म्हणून वेदीवर कशी चालेल, असा त्या नाराजीचा मतितार्थ होता. कांहींना त्यांत धर्माचा अपमान दिसला, तर कांहींना पोर्तुगीज संस्कारांचा धिक्कार. ख्रिस्तमंदिरें रंगविण्याच्या हेतूनें आलेल्या चित्रकारास मंदिराचीं दारें मोकळीं झालीं नाहींत. विरोध इतका वाढला कीं गांवीं राहून काम करणें अशक्य झालें, आणि फोन्सेका यांनीं गोवें सोडलें.

येथें क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. त्यांनीं असें कोणतें नवें पाप केलें होतें? इ. स. १५६६ मध्यें पीटर ब्रूगेल नांवाच्या फ्लेमिश चित्रकारानें बेथलेहेमची खानेसुमारी रंगविली. त्यांत त्यानें आपल्या देशांतील बर्फानें झांकलेलें खेडें काढलें, आणि मरियेस तेथील शेतकरणीप्रमाणें आणून बसविलें. इटलीच्या चित्रकारांनीं गोठ्यामागें इटलीच्याच टेंकड्या काढल्या. ज्यानें जें पाहिलें तें त्यानें प्रभूच्या पायांशीं वाहिलें, आणि त्यास कोणी दोष दिला नाहीं. जो बर्फ आज आपलीं मुलें कापसानें दाखवितात, तो मुळांत कोणा तरी परक्या चित्रकाराच्या अंगणांतील बर्फ होय. त्याच्या अंगणास जो मान, तो आपल्या अंगणास कां नसावा, एवढेंच फोन्सेका आपल्या कुंचल्यानें विचारीत होते.

याहून जुनी साक्ष आपल्या गोठ्याचीच आहे. असीसीचे संत फ्रान्सिस यांनीं इ. स. १२२३ च्या नाताळांत ग्रेचो या डोंगरी गांवीं, रानांत, एक गव्हाणी मांडली, तींत गवत पसरलें, आणि जवळ जिवंत बैल व गाढव उभें केलें. त्या गव्हाणीवर मिस्सा अर्पण झाली. बेथलेहेमच्या बाळाचे हाल आपल्या डोळ्यांनीं पाहतां यावे, एवढीच त्या संताची इच्छा होती. त्यांनीं बैल पॅलेस्टाइनहून मागविला नाहीं. गांवचाच बैल, गांवचेंच गवत व गांवचेच लोक. आज जगभर नाताळांत जे गोठे मांडले जातात त्यांच्या परंपरेचें मोठें मूळ त्या रात्रीं आहे, आणि तें मूळ गांवच्या मातींत आहे.

गोवें सोडून फोन्सेका पुण्यास आले. तेथें शिवाजीनगरांत ख्रिस्त प्रेम सेवा संघाचा आश्रम होता. हा संघ जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूंनीं इ. स. १९२२ मध्यें अहमदनगर येथें स्थापिला, व पुढें पुण्यास त्याचा आश्रम झाला. विन्स्लो हे आपले मराठी कवि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे चाहते व चरित्रकार होते. आश्रमांत जमिनीवर बसून जेवण, खादीचे कपडे व देशी राहणी असे. आपल्या लोकांत ज्या कॅथलिक चित्रकारास जागा मिळाली नाहीं, त्यास दुसऱ्या पंथाच्या बंधूंनीं आसरा दिला, हें लिहितांना कॅथलिक म्हणून मान थोडी खालीं जाते. पण सत्य तें सांगितलेंच पाहिजे. फोन्सेका मात्र आपल्या कॅथलिक श्रद्धेपासून तिळभरहि ढळले नाहींत. ज्यांनीं दूर लोटलें त्यांच्यावर रुसून त्यांनीं धर्म सोडला नाहीं, आणि त्यांना खूष करण्यासाठीं आपली कलाहि सोडली नाहीं. दोन्ही धरून ठेवणें किती कठीण, हें ज्यास घरच्यांनींच नाकारलें असेल त्यासच कळेल.

पुण्याच्या वास्तव्यांत त्यांच्या चित्रांत महाराष्ट्र उतरला. दख्खनच्या टेंकड्या, समईचा मंद प्रकाश, मराठी बायकांचा पदर व मराठी घरांतील साधेपणा यांनीं ख्रिस्तचरित्राचे प्रसंग सजले. देवदूताचा निरोप, ख्रिस्तजन्म, मायलेंकरें, ख्रिस्ताचें दुःखसहन असे विषय त्यांनीं पुन्हां पुन्हां घेतले. त्यांच्या मरियेच्या अंगावर दागिन्यांचा भार नाहीं, मुद्रेवर अभिमान नाहीं. पाहणारास वाटतें कीं, ही बाई आतांच शेजारच्या घरांतून उठून येथें येऊन बसली आहे, आणि तिच्या मांडीवरील मूल उचलून घेतलें तरी तिला राग येणार नाहीं. मात्र शेजारीण म्हणून तिचें पावित्र्य कमी झालेलें नाहीं. उलट शेजारचें घर तिच्यामुळें पवित्र झालें आहे.

त्यांस साह्य करणारे कोणीच नव्हते असें नाहीं. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत इतिहाससंशोधनाची संस्था काढणारे स्पॅनिश येशूसंघीय फादर हेन्री हेरास यांनीं भारतीय धाटणीच्या ख्रिस्ती कलेचा मनापासून पुरस्कार केला, आणि फोन्सेका यांच्याप्रमाणेंच आंजेला त्रिंदाद या गोमंतकीय वंशाच्या चित्रकर्त्रीसहि उत्तेजन दिलें. रोममध्येंहि वारे बदलत होते. इ. स. १९२२ मध्यें पोपमहाशयांचे प्रतिनिधि म्हणून चीन देशीं गेलेले चेल्सो कोस्तांतिनी यांनीं तेथील चित्रकारांस चिनी रीतीनेंच ख्रिस्तजन्म रंगविण्यास सांगितलें, व पुढें रोमला परतल्यावर सर्व मिशन देशांतील देशी कलेची बाजू उचलून धरली. पेकिंगचे चित्रकार लूक चेन यांनीं चिनी वेशांतील मरियामाता काढली, त्याच काळांत पुण्यास फोन्सेका मराठी वेशांतील मरियामाता काढीत होते. एकमेकांपासून हजारों कोस दूर असलेले हे दोघे जण एकाच प्रश्नाचें एकच उत्तर देत होते.

अखेर इ. स. १९६३ च्या डिसेंबर महिन्यांत दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनें उपासनेविषयींचें आपलें शासन प्रसिद्ध केलें. ख्रिस्तसभेनें कोणत्याहि एका कलाशैलीस आपली म्हणून मानलेलें नाहीं, आणि सर्व लोकांच्या व देशांच्या कलेस, ती आदरानें उपासनेची सेवा करीत असेल तर, मंदिरांत जागा आहे, असें त्यांत ठरलें. ज्या गोष्टीसाठीं फोन्सेका यांनीं गांव सोडलें, ती आतां ख्रिस्तसभेची अधिकृत शिकवण झाली. तोंवर तीस वर्षें उलटून गेलीं होतीं.

यानंतर त्यांस फार आयुष्य लाभलें नाहीं. मेंदूच्या आवरणाच्या दाहाच्या विकारानें दि. २८ डिसेंबर १९६७ रोजीं पुणें येथें ते प्रभूस प्रिय झाले. ख्रिस्तसभेच्या पंचांगांत हा दिवस, हेरोदानें मारविलेल्या बेथलेहेमच्या निष्पाप बालकांच्या स्मरणाचा आहे. ज्यानें जन्मभर बेथलेहेम रंगविलें, तो नाताळच्या सप्ताहांत, बालकांच्या सणाच्या दिवशीं गेला. त्यांच्या पश्चात् त्यांच्या पत्नीनें तीं चित्रें जिवापाड जपलीं, आणि पुढें त्यांचा मोठा संग्रह गोव्यांतील आल्तो पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्राच्या स्वाधीन केला. अशा रीतीनें ज्या गोव्यानें चित्रकारास ठेवून घेतलें नाहीं, त्या गोव्यांत त्याचीं चित्रें शेवटीं घरीं आलीं.

आतां आपल्या मुलांकडे वळूं. फोन्सेका यांच्या चरित्राचा बोध मुलांच्या हातांत द्यावयाचा असेल, तर तो वयोमानाप्रमाणें दिला पाहिजे. पांच ते सात वर्षांच्या बालकांस कुंचल्यापेक्षां माती बरी. माती भिजवून, खडे काढून, कणकेप्रमाणें मळून दिली, कीं त्यांच्या बोटांतून मेंढरूं निघतें, पणती निघते, आणि बाळ येशूहि निघतो. त्यास नाक नसेल, एक हात लांब असेल; तो तसाच गव्हाणींत ठेवावा. मोठ्या माणसानें तो सुधारूं नये. आपल्या विदर्भांत तान्ह्या पोळ्यास मुलें लांकडी बैल सजवून मिरवितात. तोच बैल नाताळांत माळ्यावरून खालीं काढून गोठ्यांत उभा करावा. ग्रेचो येथें संत फ्रान्सिसांनीं जें केलें तेंच हें. आणि ज्या मुलानें पोळ्यास तो बैल ओढला, त्यास गोठा परका वाटणार नाहीं.

आठ ते दहा वर्षांच्या मुलामुलींनीं गोठा स्वतः बांधावा. भिंतींस ज्वारीचे धांडे, छपरास पऱ्हाट्या व कडबा, अंगणास शेणमातीचें सारवण आणि दारांत रांगोळी. कापूसहि असूं द्यावा. पण तो बर्फ म्हणून छपरावर नको. नव्या वेंचणीचा कापूस ओंजळभर घेऊन गव्हाणींत बाळाखालीं अंथरावा. मेंढपाळांनीं आपल्या कळपापासून उठून येऊन बाळाचें दर्शन घेतलें. नेरच्या शेतकऱ्याचें मूल आपल्या शेतांतील मऊ अंथरूण देतें. याहून चांगली भेट कोणती? जो कापूस इतके दिवस सोंग घेऊन उभा होता, तो अशा रीतीनें आपल्या खऱ्या नांवानें प्रभूजवळ जातो.

अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांस तारा बांधण्याचें कसब येतें. बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्याव्या. पांच कामट्या एकींत एक गुंतवून एक पंचकोनी तारा, तसाच दुसरा; मग दोन्ही एकावर एक ठेवून पांचहि टोंकें सुतळीनें बांधावीं, आणि आंतल्या पांच सांध्यांत बोटभर लांबीच्या काड्या ताणून बसवाव्या, म्हणजे ताऱ्यास पोट येतें. वर पतंगाचा कागद खळीनें चिकटवावा, व एका बाजूस दिवा ठेवण्यापुरती जागा मोकळी सोडावी. दहांतील एक कामटी आंखूड पडली तर सारा तारा वांकडा होतो. म्हणून मोजमाप, धीर व एकमेकांस हात देणें हें तिन्ही या कामांत आपोआप शिकलें जातें.

चौदा वर्षांपुढील मुलें एलिमेंटरी व इंटरमीजिएट या सरकारी चित्रकलेच्या परीक्षांस बसतात. त्यांत स्मरणचित्र म्हणून एक विषय असतो. बाजार, विहीर, बसथांबा असा पाहिलेला प्रसंग आठवून काढावयाचा असतो. ज्या मुलास नेरचा बाजार आठवून काढतां येतो, त्यास ख्रिस्तजन्महि आपल्या आठवणींतून काढतां येईल. त्यानें आपली आई धाकट्या भावंडास घेऊन कशी बसते तें पाहावें, पदराच्या चुण्या पाहाव्या, कंदिलाचा वा दिव्याचा उजेड चेहऱ्यावर कोठून पडतो तें पाहावें. अवनींद्रनाथांची रीतिहि शिकण्यास कठीण नाहीं : जाड कागदावर पातळ रंग द्यावा, वाळूं द्यावा, मग सबंध कागद पाण्यानें भिजवून जादा रंग जाऊं द्यावा, पुन्हां वाळवून पुन्हां रंग द्यावा. असें तीनचार वेळां केल्यानें धुक्यांतून पाहिल्याप्रमाणें मृदु छटा येते. घाई करणारास ही रीति साधत नाहीं, हाच तिचा गुण.

याच वयांत मुलांच्या हातीं शुभवर्तमानहि द्यावें. लूककृत व मत्तयकृत शुभवर्तमानाचे दुसरे अध्याय वाचून त्यांत काय आहे व काय नाहीं याची त्यांनीं यादी करावी. गव्हाणी आहे, मेंढपाळ आहेत, तारा आहे, मागी आहेत; पण मागी तीन होते असें लिहिलेलें नाहीं, बैल व गाढव यांचा तेथें उल्लेख नाहीं, ते यशया संदेष्ट्याच्या वचनावरून परंपरेनें आले; आणि बर्फ तर कोठेंच नाहीं. एवढें कळलें म्हणजे मुलांस समजतें कीं, श्रद्धेचें सत्य एक, आणि चित्रकारानें घातलेलें वस्त्र दुसरें. सत्यास धक्का न लावतां वस्त्र बदलतां येतें. फोन्सेका यांच्या साऱ्या जीवनाचा अर्थ याच एका वाक्यांत आहे.

एक सूचना वडीलमंडळींस. नाताळच्या चित्रस्पर्धेंत बक्षीस देतांना आपण बहुधा छापील कार्डाशीं जुळणारें गुळगुळीत चित्र निवडतों, आणि ज्या मुलीनें मरियेस आपल्या आजीचें लुगडें नेसविलें तिचें चित्र हंसून बाजूस ठेवितों. गोव्यानें एका मोठ्या माणसास जें केलें, तेंच आपण एका लहान मुलीस करतों. फरक एवढाच कीं, तो माणूस पुण्यास जाऊन काम करीत राहिला, आणि ती मुलगी मुकाट्यानें पुढच्या वर्षीं कार्ड उतरविते. पुढील नाताळांत तिचें चित्र गोठ्याजवळ, सर्वांस दिसेल अशा ठिकाणीं लावावें.

शब्द देह झाला व त्यानें आपल्यामध्यें वस्ती केली, ही आपली श्रद्धा आहे. वस्ती करणें म्हणजे शेजारीं येऊन राहणें. आपल्या धर्मग्रामाचा महोत्सव साजरा करतांना मागील पिढ्यांचे उपकार आपण स्मरतोंच. त्यांतच या सांवळ्या मरियेच्या चित्रकाराचेंहि स्मरण करावें, आणि देवाजवळ मागावें कीं, आमच्या मुलांच्या हातांनीं मातीचा, कडब्याचा व कापसाचा जो गोठा होईल, त्यांत बाळ येशूस नेरचें घर आपलेंसें वाटो, आणि नेरच्या घरांस बाळ येशू आपलासा वाटो.